नाणेघाटाची वाट आणि बौद्धवाडीची ग्रामसभा

जून उजाडला की आपल्या मोबाईलवर दोन प्रकारचे संदेश एकाच वेळी येऊ लागतात. पहिला जिल्हा प्रशासनाचा असतो. माळशेज घाटातील धबधबे, सिद्धगड, गोरखगड, नाणेघाट, सोनावळ्याची गणपती गडद लेणी, माहुलीचा पायथा, भातसा धरणाचा परिसर अशा ठिकाणी पावसाळ्यात जाण्यास मनाई. पूर्वी हा आदेश कलम १४४ खाली निघायचा, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. दुसरा संदेश आपल्याच कुठल्या तरी ग्रुपवरून येतो. रविवारी लेणी अभ्यास दौरा, सकाळी सहा वाजता कल्याण स्टेशनच्या बाहेर बस उभी असेल, वर्गणी इतकी, जेवणाचा डबा आणि रेनकोट सोबत आणावा. पोस्टरवर वर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली हिरवागार डोंगर.

प्रशासनाच्या आदेशाला कारण आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. अशा घटनेनंतर बंदी निघते, नाक्यावर चार-दोन पोलीस उभे राहतात, दोन रविवार गाड्या परत फिरवल्या जातात. पुढे सगळे पूर्ववत. वर्षातले हेच चार पैसे मिळवण्याचे दिवस असलेल्या, भजी-चहाची टपरी लावणाऱ्या गावातल्या बाईला बंदी लावताना कोणी विचारत नाही आणि उठवतानाही विचारत नाही.

या सगळ्यात आपण, म्हणजे लेण्यांच्या निमित्ताने सह्याद्रीत हिंडणारे बौद्ध तरुण, कुठे उभे आहोत, हा या लेखाचा विषय आहे. आपण स्वतःला पर्यटक समजत नाही. पण वैशाखऱ्याहून नाणेघाट चढताना ज्या माणसाच्या अंगणासमोरून आपण जातो, त्याला आपल्यात आणि इतर गर्दीत काही फरक दिसतो का?

वर्षावास ऐन पावसाळ्यातच का ठेवला गेला, हे आपण दरवर्षी आषाढ पौर्णिमेला विहारात ऐकतो. विनयपिटकाच्या महावग्गात त्याचे कारण नोंदवले आहे. भिक्खू पावसातही चारिका करत, तेव्हा लोकांनी तक्रार केली की हे श्रमण कोवळे गवत तुडवतात, लहान लहान जीव पायाखाली मारतात. इतर पंथांचे साधू पावसाळ्यात एका जागी थांबतात, पक्षीसुद्धा घरटी करून बसतात, मग हेच का फिरतात? तथागतांनी ही तक्रार ऐकली आणि तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घातला. म्हणजे वर्षावासाच्या मुळाशी वाटेवरच्या गावकऱ्यांची तक्रार आहे. ज्यांच्या शेतातून आणि कुरणातून वाट जात होती, त्यांचे म्हणणे संघाने ऐकून घेतले आणि आपले चालणे बदलले. २०२५ मध्ये १० जुलैला वर्षावास सुरू झाला. नेमका त्याच दिवसांत आपला ट्रेकिंगचा हंगाम भरात येतो. यातली विसंगती मला स्वतःला बरीच वर्षे दिसली नव्हती, हे कबूल करतो.

दुसरी आठवण सोपाऱ्याची. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा होईपर्यंत सोपारा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. तिथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो आठव्या शिलालेखाचा आहे. या लेखाचा विषय काय, तर यात्रा. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, म्हणजे मौजेला आणि शिकारीला. अशोकाने राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला भेट दिली आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू केली. धम्मयात्रेत काय करायचे, तेही त्यात सांगितले आहे. श्रमण-ब्राह्मणांची भेट आणि दान, वृद्धांची भेट आणि मदत, आणि जनपदातील लोकांची भेट, त्यांच्याशी धम्माची चर्चा. स्थळ बघून परत येणे एवढ्यावर अशोकाची धम्मयात्रा पूर्ण होत नव्हती. आपल्या दौऱ्याच्या कार्यक्रमपत्रिकेत जनपदाच्या लोकांसाठी किती वेळ ठेवलेला असतो? बहुतेक वेळा बस लावायला जागा विचारण्यापुरता.

आता नाणेघाटाकडे येऊ. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून माल देशावर नेण्याचा हा सातवाहन काळातला रस्ता. कोकणातून चढताना कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात, पाण्याची टाकी लागतात, माथ्यावर लेणे आहे आणि पुढे दगडी रांजण. या लेण्यातल्या ब्राह्मी शिलालेखाबद्दल आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बरेच काही फिरते. म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. नागणिकेचा म्हणून ओळखला जाणारा हा लेख बौद्ध लेख नाही. त्याच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव यांना नमन आहे आणि पुढे अश्वमेधासह अनेक यज्ञांची व त्यात दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणांची यादी आहे. त्यातले अंक भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जातात. आपण जिथे जाऊ तिथे 'हे बौद्ध लेणे' अशी पाटी मनात लावून जातो, आणि मग कोणी लेख वाचून दाखवला की आपलीच फजिती होते. अनेक बौद्ध लेण्यांत नंतर देवदेवता बसवल्या गेल्या, भिवंडीजवळचे लोनाडचे लेणे आज खांडेश्वरीच्या नावाने ओळखले जाते, तो अन्याय खराच आहे. पण त्याचे उत्तर उलट दिशेने तेच करणे हे नाही. पुराव्यावर उभे राहायचे असेल तर जिथे पुरावा आपल्या बाजूने नाही तिथेही त्याच्याशीच राहावे लागते.

आणि खरे सांगायचे तर नाणेघाटाचा मोठेपणा त्या राजलेखात शोधण्याची गरजच नाही. तिथेच एका टाक्यावर छोटा लेख आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या १३ व्या राज्यवर्षातला. कामवनच्या दामघोष नावाच्या एका गृहस्थाने हे पिण्याच्या पाण्याचे टाके दान दिले, एवढेच त्यात आहे. घाट चढून धापा टाकणाऱ्या माणसाला पाणी मिळावे म्हणून एका साध्या घरातल्या माणसाने खर्च केला. यज्ञांची यादी आज विद्वान वाचतात. पण टाके नीट राखले तर आजही पाणी धरेल.

घाट चढून जुन्नरला गेले की दोनशेहून अधिक लेणी आहेत. शेतकरी, व्यापारी, बांबूचे काम करणारे, कासार, धान्याचे व्यापारी, यवन, शक अशा किती तरी लोकांच्या आणि श्रेणींच्या दानातून ती उभी राहिली. कल्याणच्या दात्याचेही नाव तिथल्या लेखांत येते. म्हणजे याच वाटेने माणसे आणि दान वर गेले. त्यातला एक लेख मला प्रत्येक लेणी अभ्यासकाला वाचून दाखवावासा वाटतो. आडुथुम नावाचा एक शक उपासक. त्याने वडालिका इथली २० निवर्तने जमीन करंजाची झाडे लावण्यासाठी आणि काटापुटक इथली ९ निवर्तने वडाची झाडे लावण्यासाठी नेमून दिली. लेणे खोदणे हे पुण्य, तसे जमीन झाडांसाठी राखून ठेवणे हेही पुण्य. संयुत्त निकायातल्या वनरोप सुत्तात हेच सांगितले आहे. बाग आणि झाडे लावणारा, पूल बांधणारा, पाणपोई आणि विहीर करणारा, यांचे पुण्य रात्रंदिवस वाढते. लेणी संवर्धन म्हणजे फक्त लेण्यातला कचरा काढणे, असे आपण धरून चाललो आहोत. आडुथुमाला विचारले असते तर त्याने लेण्याभोवतीची जमीनही त्यात धरली असती.

मुरबाड आणि शहापूरचे तरुण मंडळ, ट्रेकिंगचे गट, दुर्गप्रेमी संघटना आणि आपले लेणी गट, सगळेच हल्ली स्वच्छता मोहिमा काढतात. हे काम चांगले आहे. प्लास्टिकच्या बाटल्या आणि चिप्सची पाकिटे पोत्यात भरून खाली आणणाऱ्या पोरांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण डोंगरातली वाट फक्त कचऱ्याने बिघडत नाही. ती मुख्यतः पाण्याने बिघडते. उतारावरच्या वाटेवर पाय पडून पडून माती दबते, पावसाचे पाणी मुरायचे सोडून वाटेवरूनच वाहू लागते आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिची घळ होते. घळीत चिखल झाला की माणसे कडेने चालतात आणि दुसरी वाट पडते, मग तिसरी. एका वाटेच्या जागी चार वाटा, आणि मधली झुडपे मेलेली. उपाय जुना आहे, गावात सगळ्यांना ठाऊक आहे. वाटेवर ठरावीक अंतराने तिरके दगड बसवायचे आणि पाणी बाजूला काढून द्यायचे. शॉर्टकटच्या तोंडाशी काटेरी फांद्या टाकायच्या. हे काम पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात करायचे. त्यानंतर वणव्याचे दिवस येतात, तेव्हा गवत काढून जाळरेषा ठेवायच्या. यातले काहीही रविवारी सकाळी येऊन संध्याकाळी लोकल पकडणाऱ्या माणसाला एकट्याने जमण्यासारखे नाही. आणि पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित जागेत तर परवानगीशिवाय एक दगडही हलवता येत नाही, तो दगड चांगल्या हेतूने हलवला तरी. खडकावर ऑइलपेंटने बाण आणि ग्रुपचे नाव रंगवणाऱ्यांना हे कोणी तरी सांगायला हवे. त्यात आपलेही ग्रुप आहेत.

मग हे काम करायचे कोणी? इथे प्रश्न कचऱ्यापासून निघून हक्कापाशी येतो.

शहापूर तालुका पूर्णपणे आणि मुरबाडचा काही भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालच्या क्षेत्रात आहे. तिथे पेसा कायदा लागू होतो. आणि दोन्ही तालुक्यांच्या जंगलांना, अगदी तानसा अभयारण्यालाही, २००६ चा वनहक्क कायदा लागू आहे. या कायद्याकडे आपण 'आदिवासींना प्लॉट मिळवून देणारा कायदा' म्हणून पाहतो. त्याचा दुसरा भाग जास्त दूरवर जाणारा आहे. गावाने पिढ्यानपिढ्या वापरलेले आणि राखलेले जंगल सामूहिक वनसंसाधन म्हणून त्या गावाच्या ग्रामसभेच्या व्यवस्थापनाखाली येऊ शकते. कलम ५ तर आपल्या विषयाच्या नेमके मधोमध येऊन बसते. त्यानुसार त्या जंगलात कोणी, कसे यायचे याचे नियम करणे आणि जंगलाला व वन्यजीवांना बाधा आणणारे काम थांबवणे, हे ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. म्हणजे नाणेघाटाच्या किंवा आजोबा डोंगराच्या पायथ्याचे गाव उद्या ठरवू शकते की पावसाळ्यात अमुक वाट बंद, अमुक वाटेवर रोज इतकीच माणसे, गावातला वाटाड्या सोबत हवा, शुल्क इतके आणि ते या समितीकडे जमा. दरवर्षी निघणाऱ्या आणि दरवर्षी मोडल्या जाणाऱ्या मनाई आदेशापेक्षा हे जास्त टिकेल, असे मला वाटते. कारण जो नियम करणार, तोच त्या वाटेवर राहतो.

हे स्वप्नरंजन नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि नंतर तिथल्या ग्रामसभेने बांबूचा व्यवहार स्वतःच्या हाती घेऊन दाखवला. मुरबाडमध्येही याची परंपरा आहे. इंदवी तुळपुळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांची श्रमिक मुक्ती संघटना या भागात अनेक वर्षे काम करते आहे. काळू नदीवर धरणाचे काम वनखात्याची परवानगी न घेताच सुरू झाले, तेव्हा ही संघटना उच्च न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये न्यायालयाने काम थांबवले. सुमारे हजार हेक्टर जंगल त्या धरणात जाणार होते, आदिवासी पाडे जाणार होते. हीच माणसे मुरबाडात रानभाज्यांचे महोत्सव भरवतात. शेवळी, कुरडू, टाकळा, लोत, बायका टोपल्या भरून आणतात आणि कशी निवडायची, कशी शिजवायची, कोणती कच्ची खाल्ली तर घसा धरते, ते सांगतात. शहरातून गेलेला माणूस हे कौतुकाने बघतो, फोटो काढतो. पण त्यामागे मोठा दावा आहे. हे जंगल आम्हाला माहीत आहे, म्हणून ते आम्ही राखू शकतो. मला जमीन आणि वाटा राखणारी स्थानिक संस्था दाखवा असे कोणी म्हटले, तर मी आधी हिच्याकडे बोट दाखवीन, मग ट्रेकिंग क्लबकडे.

काळूचे धरण कागदावरून गेलेले नाही, ते अधूनमधून डोके वर काढते. मुंबई महानगराची तहान मोठी आहे. भातसा, तानसा, मोडकसागर, वैतरणा, या सगळ्या पाण्याचा शहापूर-मोखाड्याच्या डोंगरांशी संबंध आहे. मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. आणि उन्हाळ्यात टँकर लागतात ते शहापूरच्याच पाड्यांवर. त्यात ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. जमिनीचे दलाल त्याच्या आधीच पोहोचले होते. माळशेजला काचेच्या स्कायवॉकच्या घोषणा होत असतात. २०२३ मध्ये वन संरक्षण कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने शासनाच्या इको-टुरिझमच्या सुविधा ठरावीक अटींवर 'वनेतर काम' या व्याख्येतून बाहेर काढल्या. म्हणजे पर्यटनाच्या नावाने जंगलात बांधकाम करणे पूर्वीपेक्षा सोपे झाले. अशा वेळी ज्या गावाकडे सामूहिक वनहक्काचा कागद आहे त्याला निदान बोलण्याची जागा आहे. ज्याच्याकडे नाही, त्याला पोलीस बंदोबस्तातल्या जनसुनावणीत दोन मिनिटे मिळतात.

आता आपल्या घरातली गोष्ट. मुरबाड आणि शहापूरच्या गावोगावी बौद्धवाडी आहे. कुठे पंधरा घरे, कुठे चाळीस. विहार आहे, पंचशील ध्वज आहे, १४ एप्रिलची मिरवणूक आहे. तरुण पोरे कल्याण, भिवंडी, आसनगाव, वाशिंदला कामाला. या वाडीचा जंगलाशी संबंध काय, असे विचारले तर आपलीच माणसे सांगतात, 'ते आदिवासींचे आहे.' कायदा तसे म्हणत नाही. 'इतर पारंपरिक वननिवासी' हा दुसरा वर्ग त्यात आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तिथे राहणारे आणि उपजीविकेसाठी जंगलावर अवलंबून असणारे. वैयक्तिक दाव्यात हा पुरावा आणणे आपल्या लोकांना जड जाते, आणि दावे त्यावरच फेटाळले जातात. पण सामूहिक दावा ग्रामसभेचा असतो, आणि गावातला प्रत्येक प्रौढ माणूस ग्रामसभेचा सदस्य आहे. बौद्धवाडीही त्यात येते. वनहक्क समितीत १० ते १५ जण असतात, दोन तृतीयांश जागा अनुसूचित जमातीच्या, एक तृतीयांश स्त्रियांच्या. उरलेल्या जागांवर कोण बसते, हे आपण विचारलेलेच नसते. बहुतेक ठिकाणी गावातली दांडगी घरे बसतात.

आणि इथे आपल्या पूर्वजांची एक आठवण आहे, जी सांगताना जपून सांगायला हवी. सामूहिक दाव्यात सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे गावाच्या पारंपरिक सीमेचा नकाशा. कुठला ओढा, कुठला दगड, कुठले झाड, कुठली वाट ही शिव. पूर्वी गावात ही शिव कोणाला माहीत असे? महाराला. दोन गावांत सीमेचा तंटा झाला तर महाराची साक्ष ग्राह्य धरली जात असे. ही काही मानाची गोष्ट नव्हती. ती वतनाच्या वेठबिगारीचा भाग होती. सरकारी टपाल पोहोचवणे, मेलेली ढोरे ओढणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे आणि शिव दाखवणे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते हीच गुलामी तोडण्यासाठी. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामसेवकांची वतने गेली. वतन जमिनी परत मिळवायच्या तर पैसे भरायचे, त्यातही बंधने. किती जमिनी हातातून गेल्या ते प्रत्येक वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारा. गुलामी गेली हे चांगलेच झाले. पण तिच्याबरोबर गावाच्या शिवेचे ज्ञानही वाया जाऊ द्यायचे का? तेव्हा ते मालकासाठी वापरावे लागे. आज तेच ज्ञान ग्रामसभेच्या नकाशावर, सहीनिशी, हक्कदार म्हणून मांडता येते. वनहक्क नियमांनुसार गावातल्या वयस्कर माणसाचा लेखी जबाब हा पुरावा धरला जातो. ऐंशी ओलांडलेली आजी-आजोबा वाडीत अजून आहेत. किती दिवस असतील?

यावर एक आक्षेप येणार, आणि तो योग्य आहे. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याबद्दल काय म्हटले होते ते आपल्याला पाठ आहे. गाव म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता. त्यांनी आपल्याला शहराकडे जायला सांगितले. मग आता ग्रामसभेच्या दारात परत कशाला? ज्या गावात आजही मिरवणुकीच्या रस्त्यावरून वाद होतात, तिथे 'ग्रामसभा सार्वभौम' म्हणणे म्हणजे दांडग्यांच्या हातात जंगल देणे नव्हे का?

ही भीती मला पोकळ वाटत नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, वनहक्काची ग्रामसभा म्हणजे सरपंच आणि चार पुढारी नव्हेत. ठरावाला निम्म्या सदस्यांची हजेरी लागते आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश स्त्रिया लागतात. अनुसूचित क्षेत्रात पेसाखाली पाडासुद्धा स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊ शकतो. म्हणजे मोठ्या गावाच्या दबावातून सुटण्याची वाट कायद्यात आहे. दुसरी गोष्ट जास्त कडू आहे. आपण ग्रामसभेत न जाऊन ती सुधारत नाही, फक्त आपल्याशिवाय चालते. बाबासाहेबांचा राग गावात हक्क नसलेल्या माणसाच्या स्थितीवर होता. हक्क कायद्याने दिला आणि आपण तो मागितलाच नाही, तर त्याचा दोष बाबासाहेबांच्या भाषणावर टाकता येणार नाही.

आणि यात आदिवासींशी स्पर्धा करायची नाही, हे ठामपणे धरायला हवे. जंगलावर पहिला हक्क कातकऱ्याचा, ठाकराचा, महादेव कोळ्याचा आहे. कातकरी तर राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. वीटभट्टीवर आणि कोळशाच्या कामावर उचल घेऊन सहा-सहा महिने बाहेर जाणाऱ्या या माणसांच्या पाड्यावर ग्रामसभेचा दिवस कळतही नाही. आपली पोरे शिकली आहेत, त्यांना अर्ज लिहिता येतो, माहितीचा अधिकार वापरता येतो, मोबाईलवर जीपीएस लावून शिवेवर चालता येते, तहसील कचेरीत आवाज चढवता येतो. नमुना 'ब' आणि 'क' भरणे, उपविभागीय समितीकडून आलेली त्रुटीची चिठ्ठी वाचून उत्तर देणे, हे काम शिकल्यासवरल्या पोरांचे आहे. सरकारी कागद वाचता येणारा माणूस पाड्यावर असणे, ही अजूनही मोठी गोष्ट आहे.

कल्याण-उल्हासनगरच्या लेणी गटांना माझी एकच सूचना आहे. वर्षाला बारा दौरे काढू नका. एक वाट घ्या, एक गाव घ्या आणि तीन वर्षे तिथेच जा. वैशाखरे घ्या, डोळखांबकडचे डेहणे घ्या, सोनावळे घ्या. पावसाळ्यात जायचे असेल तर दहा जणांनी जा, साठ जणांनी नव्हे, आणि डोंगर चढू नका. बौद्धवाडीत आणि शेजारच्या पाड्यावर बसा, म्हाताऱ्यांशी बोला, जुन्या वाटा, टाकी, झरे, देवराया यांची नावे लिहून घ्या. वर्षावासातल्या धम्मप्रवचनांच्या मालिकेत एक रविवार वनहक्क कायद्याला द्या. आपल्या विहारात वकील आहेत, निवृत्त तलाठी आहेत, त्यांना बोलवा. ऑक्टोबरनंतर गावकऱ्यांसोबत वाटेचे पाणी काढायला जा, कुदळ-फावडे गावाचे आणि मजुरी दिली तर अधिक चांगले. झाडे लावायची असतील तर वनहक्क समितीला विचारून करंज, वड, मोह, हिरडा लावा. गुलमोहराची रोपे घेऊन जाऊ नका. गावात कम्युनिटी हॉल, पाण्याची टाकी हवी असेल तर कलम ३(२) खाली ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते, ही माहिती कितीतरी सरपंचांनाही नसते. आणि दौऱ्याच्या वर्गणीतून गावाच्या समितीला ठरलेली रक्कम द्या, पावती घ्या. दान म्हणून नको, वाटेचे शुल्क म्हणून. नाणेघाटाच्या माथ्यावरचा तो दगडी रांजण जकातीसाठी होता असे म्हणतात. रस्ता राखायला पैसे लागतात, हे सातवाहनांनाही माहीत होते.

यात एक अडचण येईलच. वाडीतले लोक सुरुवातीला विश्वास ठेवणार नाहीत. शहरातून येऊन भाषण करून जाणारे आपलेच लोक त्यांनी पुष्कळ पाहिले आहेत. 'तुम्ही जाल, आम्हाला इथेच राहायचे आहे,' हे वाक्य मी एकापेक्षा जास्त अंगणांत ऐकले आहे. त्यावर मोठे उत्तर देण्यात अर्थ नाही. पुढच्या महिन्यात परत जायचे, एवढेच.

महाराष्ट्रात ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखांपैकी एक १५ ऑगस्ट आहे. त्या दिवशी सुट्टी असते, माळशेजच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि आपल्या ग्रुपवर सर्वाधिक पोस्टर येतात. खाली गावात त्याच सकाळी, झेंडावंदनानंतर शाळेच्या वऱ्हांड्यात, ग्रामसेवक रजिस्टर उघडून बसलेला असतो. पुढची तारीख २ ऑक्टोबरची. त्या दिवशी सकाळी विहारात वंदना घेऊन त्या वऱ्हांड्यात जाऊन बसावे, सोबत वाडीतल्या निदान दहा बायका असाव्यात, आणि वनहक्क समितीची यादी वाचून दाखवायला सांगावे.